झऱ्याला विसण कोण घालणार

मी आणि बायकोने मिळून शेवटचं जे केलं ते भांडण. तेही अंघोळीच्या पाण्यावरून.

रोजचंच होतं. मी न्हाणीतल्या दगडावर उघडा बसलेलो, ती मागच्या चुलीपाशी. हंड्यातलं पाणी तिने बादलीत काढून दिलं. मी पहिला तांब्या अंगावर घेतला आणि ओरडलो, "अगं, भाजतंय! विसण घाल!"

"घातलंय. तुमचं कातडं नाजूक झालंय."

"कातडं नाही, पाणी बघ. कोंबडी सोलायची आहे का माझी?"

मग ती थंड पाण्याचा तांब्या घेऊन आली, अर्धा बादलीत ओतला, बोट बुडवून ढवळलं आणि उरलेला अर्धा मुद्दाम माझ्या पाठीवर टाकला. मी शिवी दिली. ती हसली. माझ्यानंतर उरलेल्या पाण्यात तिने आपली अंघोळ उरकली, स्वयंपाक केला, आम्ही जेवलो. दुपारी ती आडवी झाली ती उठलीच नाही.

पुढचं रडणंबिडणं मी लिहिणार नाही. ते घरात झालं, घरातच राहू दे.

आताच्या पोरांना विसण कळायचं नाही. नळाची दोन तोंडं फिरवली की यांचं पाणी हवं तसं येतं. आमच्या डहाणूच्या घरात चिकूच्या काटक्या आणि नारळाच्या झावळ्या जाळून पाणी तापवायचं. ते कढत पाणी अंगाला सोसावं म्हणून त्यात जे थंड पाणी घालायचं, ते विसण. किती घालायचं याला माप नाही. तिचं बोट हेच माप.

मला ती चुलीजवळ फिरकू द्यायची नाही. फार वर्षांपूर्वी तिला ताप आलेला, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात चूल पेटवायला गेलो. झावळ्या ओल्या होत्या, मला काय माहीत! असा धूर झाला की आमच्या गवताच्या गंजीला आग लागली समजून शेजारी बादल्या घेऊन वाडीत घुसले. ती तापातून उठून आली आणि म्हणाली, "तुम्ही चिकू काढा. ते तुम्हाला जमतं." त्या दिवसापासून चूल तिची, झाडं माझी. असा आमचा कारभार.

ती गेल्यावर मी थंड पाण्याने अंघोळ सुरू केली. सून वाणगावच्या पुढे शाळेत शिकवते, पहाटे निघते, स्वतःपुरतं पातेलं गॅसवर ठेवते. ती म्हणाली, "बाबा, तुमचंही ठेवते ना." मी म्हटलं, "नको. थंड पाण्याने रक्त चांगलं राहतं." पौष महिना होता. समुद्रावरून जो वारा येतो तो वाडी ओलांडून थेट न्हाणीत शिरतो. रक्ताचं माहीत नाही, दात मात्र वाजायचे. एकदा सुनेने बाहेरून विचारलं, "बाबा, आत कोणाशी बोलताय?" मी म्हटलं, "स्तोत्र म्हणतोय." मला एकही स्तोत्र येत नाही.

मग मुलाने विषय काढला. "बाबा, ती मागची चूल तोडू या. भिंत काळी ठिक्कर झालीय. गिझर लावतो, लाद्या बसवतो. मिस्त्रीला सांगून ठेवलंय."

पोरगा वाईट नाही. बापाचे वाजणारे दात त्यालाही ऐकू येत होते. पण माझ्या तोंडून हो निघेना आणि नाही म्हणायला कारण सापडेना. ज्या चुलीला मला कोणी हात लावू दिला नाही, तिच्यासाठी मी कुठल्या तोंडाने भांडू? मी म्हटलं, "सहलीवरून येतो, मग सांगतो."

ही सहल तिनेच ठरवलेली. महिला मंडळातल्या बायकांनी तिच्या डोक्यात भरवलं होतं. बस, जेवण, राहणं, सोबत गाईड, दोन नॅशनल पार्क आणि तीन ठिकाणचे गरम पाण्याचे झरे. मी तेव्हा चिडवलेलं, "जंगल बघायला पैसे कशाला? आपल्या वाडीत बिबट्या येतो तो फुकट."

ती म्हणाली, "मला बिबट्या नाही बघायचा. जन्म गेला तुमचं पाणी तापवण्यात. एकदा मला आयत्या गरम पाण्यात बसायचंय. ज्याच्याखाली मी जाळ घातला नाही, अशा."

दोन सीटा आम्ही ती असतानाच घेतल्या होत्या. मुलगा म्हणाला, रद्द करू. शेजारीण म्हणाली, "वर्ष नाही झालं आणि हे निघाले फिरायला!" मी तिला म्हटलं, "तू ये, सीट रिकामी आहे." ती पदर तोंडाला लावून जी घरात गेली ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

मला एवढंच बघायचं होतं, आयतं गरम पाणी म्हणजे काय चीज असते. आणि जमलं तर त्यात खोट काढायची.

बस डहाणू रोडवरून निघाली. गाईड म्हणजे तलासरीची एक बाई. चाळिशीची, धिप्पाड, गळ्यात शिट्टी. शिट्टी एकदा वाजली की चहा, दोनदा वाजली की बसमध्ये. तिच्यापुढे कलेक्टरही रांगेत उभा राहिला असता. माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटवर तिने खाऊची पेटी ठेवली. मी म्हटलं, "बाई, ती सीट माझ्या बायकोची आहे."

"काकू मागून येणार आहेत का?"

"नाही. पुढे गेल्या."

तिने एकदा माझ्याकडे बघितलं, पेटी उचलली, शिट्टी न वाजवता निघून गेली.

पण सीट रिकामी राहिली नाही. मसोलीचा एक रिटायर गार्ड होता. जन्मभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून मागे बघत गेलेला माणूस, त्याला बसमध्ये पुढे तोंड करून बसलं की मळमळायचं. माझ्या सीटला टेकून तो मागे तोंड करून उभा राहायचा. शेवटी मीच म्हटलं, "बसा हो गार्डसाहेब. पण मांडी आवरून. ती बारीक होती."

"वहिनी बोलायच्या का प्रवासात?"

"खूप."

"मग मी बोललो तर चालेल ना?"

त्यानंतर तो माणूस घरी पोचेपर्यंत थांबला नाही.

पहिल्या दिवशी अकलोलीची कुंडं. नदीच्या काठाला पायऱ्या, पायऱ्यांत चौकोनी टाक्या, टाक्यांत वाफाळतं पाणी आणि त्यात बसलेली लालबुंद माणसं. गाईडबाईने सांगितलं, वज्रेश्वरी देवीने इथे राक्षस मारले, त्यांचं रक्त अजून गरम आहे, म्हणून हे पाणी असं. गार्डसाहेब म्हणाले, "गंधक आहे गंधक. वास येत नाही का?" बाई म्हणाली, "राक्षसाला वास येणारच." सगळे कपडे काढून उतरले. मी पायरीवर बसून राहिलो.

"काका, उतरा ना!"

"घरून अंघोळ करून आलोय."

"गरम पाण्याच्या टूरला येऊन कोरडे? उद्या लग्नाला जाऊन उपाशी याल."

"तसाही आलोय," मी म्हटलं. पण उतरलो नाही. का ते मलाच नीट सांगता येत नाही. इतकी माणसं हसत-खिदळत त्या पाण्यात बसलेली, आणि ज्या बाईला हे हवं होतं तेवढी तिथे नाही. मला ते पाणी आगाऊ वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणेशपुरी. थंडी अशी की बसच्या काचेला घाम. गार्डसाहेबांनी माझा शर्ट धरला. "आज सिग्नल हिरवा आहे. चला." मी म्हटलं, बघू तर खरं. धोतर खोचलं, काठावर बसलो आणि दोन्ही पाय एकदम आत घातले.

आणि सगळ्या कुंडाला ऐकू जाईल असा ओरडलो, "अगं, भाजतंय! विसण घाल!"

मग पलीकडून कोणीतरी म्हणालं, "आजोबा, हे खालून येतं. झऱ्याला विसण कोण घालणार?" आणि हशा पिकला. मीही हसलो. काय करणार, विनोद चांगला होता. पाय बाहेर काढले तर पोटरीपर्यंत शिजल्यासारखे लाल. एकटे गार्डसाहेब हसत नव्हते. ते आपल्या पाण्याच्या बाटलीचं बूच उघडून उभे होते. त्यांनी ती थंड बाटली माझ्या पायांवर ओतली. मग म्हणाले, "एवढं चालेल का? वहिनींएवढं जमणार नाही." त्या दिवसापासून मी त्यांची बडबड ऐकून घ्यायला लागलो.

दुपारी बोरिवलीचं नॅशनल पार्क. जाळीच्या गाडीत बसवून वाघ दाखवतात. वाघ आमच्याकडे पाठ करून झोपलेला. एक बाई म्हणाली, "जिवंत आहे ना हो?" मी म्हटलं, "जेवून मीही असाच झोपतो. मला बघायला कोणी गाडी लावत नाही." गार्डसाहेब म्हणाले, "सिग्नल नाही त्याला. उभी आहे गाडी." गाईडबाईने शेपटी हलल्याची खात्री करून घेतली आणि मगच शिट्टी वाजवली. तेवढ्यावर आमचा वाघ झाला.

मग गुजरातेतलं वांसद्याचं नॅशनल पार्क. ते मात्र खरं रान. साग, बांबूची बेटं, दुपारी बारा वाजता संध्याकाळ. तिथला वनखात्याचा माणूस गुजराती, आमचे लोक अर्धे मराठी अर्धे गुजराती बोलणारे, त्यामुळे जनावर एकही दिसलं नाही पण सगळ्यांना दोन-दोनदा समजावून सांगितलं गेलं. बिबट्याच्या पायांचे ठसे दिसले, बिबट्याची विष्ठा दिसली, बिबट्याने खरवडलेलं झाड दिसलं. मी म्हटलं, "मालक सोडून सगळं घर दाखवलंत." मग फांदीवर शेकरू दिसलं. तांबडं, मांजराएवढं, शेपूट लांबच लांब. सगळे फोटो काढायला धावले. मी शेजारी वळून म्हटलं, "बघितलंस?"

शेजारी गार्डसाहेब होते. "बघितलं," ते म्हणाले. भला माणूस.

शेवटचं ठिकाण उनाई. हिनेच हट्ट धरलेला तो हा झरा. गाईडबाईने बसमध्ये गोष्ट सांगितली. रामाने इथल्या जमिनीत बाण मारला आणि गरम पाणी काढलं, सीतामाई त्यात न्हाली.

मी म्हटलं, "रामाने एकदाच तापवलं, त्याचं देऊळ झालं. आमच्या घरी रोज तापायचं."

बस हसली. बाई हसली नाही. खाली उतरल्यावर ती माझ्या बरोबरीने चालायला लागली. "काका, घरी अजून चूल आहे पाण्याची?"

मी सांगितलं सगळं. गिझर, मिस्त्री, काळी भिंत. घरी गेल्यावर हो की नाही सांगायचंय, हेही सांगितलं.

"तुम्हाला पेटवता येते?"

"नाही."

"मग तोडली तर तुमचं काय जातंय?"

एवढं तोंडावर मला कोणी विचारलं नव्हतं. बायकोशिवाय. मला राग यायला हवा होता. पण ती बाई तलासरीची, आणि तिच्याही हातांवर भाजल्याचे जुने डाग होते. चूल तिला माहीत होती.

उनाईला बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. दाराशी मी थांबलो. मी बायकांच्या बाजूला जाऊ शकत नव्हतो, आणि जिच्यासाठी आलो तिचं पाणी त्या बाजूला होतं. हे घरातून निघताना माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतक्या लांब येऊन भिंतच बघायची, असा माझा हिशेब.

मी बाईला हाक मारली. "बाई, तुम्ही आत जाणार ना?"

"मी कुठली काका, मला माणसं मोजायची असतात. मी कधीच उतरत नाही."

"आज उतरा. आणि जरा जास्त वेळ बसा. एक माणूस कमी आलंय."

तिने शिट्टी गळ्यातून काढली आणि माझ्या हातात दिली. "माणसं तुम्ही मोजा," म्हणाली आणि आत गेली.

मी पुरुषांच्या कुंडात उतरलो. पाय, गुडघे, कंबर. भाजलं. ओरडलो नाही, दात आवळले. थोड्या वेळाने अंग सैल झालं. खोट काढायची म्हणून आलो होतो, तर शोधली. पाणी गरम होतं, भरपूर होतं, कोणाचे डोळे धुराने चुरचुरले नव्हते. खोट एकच, बोट घालून बघणारं कोणी नव्हतं. मग मी स्वतःचं बोट बुडवून ढवळलं. सगळं कुंड ढवळल्याचा आव आणला. गार्डसाहेब म्हणाले, "झालं का बरोबर?" मी म्हटलं, "हां, आता या."

बाहेर आलो तर बाईचा पत्ता नाही. ड्रायव्हरने हॉर्न मारला. बसमधल्या बायका आल्या, सगळे आले. जिने सगळी सहल आम्हाला शिट्टीवर नाचवलं तीच आली नव्हती. शेवटी मी शिट्टी वाजवली. एकदा. मग दोनदा. मला फार बरं वाटलं.

ती आली तेव्हा तोंड लालेलाल, केस ओले, चालणं बदललेलं. माझ्यासमोर उभी राहिली आणि कामाचा हिशेब द्यावा तसं म्हणाली, "काका, गळ्यापर्यंत बसले. दोन्ही गुडघे शेकले. बाजूच्या आजीबाई म्हणाल्या, कुठून आलीस, तर सांगितलं डहाणूहून."

"पाणी कसं होतं?"

"आयतं," ती म्हणाली.

मी तिला शिट्टी परत दिली. परतीच्या रस्त्याला ती तलासरीला उतरली. उतरताना खिडकीखाली येऊन म्हणाली, "काका, झावळ्या सुक्या घ्या. आणि आधी वारा कुठला आहे ते बघा." मी म्हटलं, "तुला कोणी सांगितलं मी पेटवणार आहे?" तिने शिट्टी वाजवली आणि बस सुटली.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झालेली. मुलाने ताट वाढेपर्यंत धीर धरला. मग, "बाबा, मिस्त्री उद्या येतोय. काय सांगू?"

"उद्या सांगतो."

"बाबा, तुम्ही म्हणालात सहलीवरून आल्यावर—"

"अजून पाय धुतले नाहीत मी. आलो कुठे?"

सकाळी सुनेच्या आधी उठलो. गंजीमागच्या झावळ्या हाताने मोडून बघितल्या, कडकन मोडल्या त्याच घेतल्या. चिकूच्या काटक्या खाली, झावळी वर. काडी लावली. विझली. दुसरी लावली. फुंकणी कुठल्या बाजूने तोंडात धरायची तेही मला माहीत नव्हतं. चुकीची बाजू धरली आणि तोंड काळं झालं. मग वाऱ्याचं आठवलं. उठून दुसऱ्या बाजूला बसलो. फुंकलं, खोकलो, पुन्हा फुंकलं. एकदम जाळ धरला तेव्हा मी घाबरून मागे सरकलो. धूर झालाच. कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "अहो, आग लागली की काय?" मी म्हटलं, "लावली!"

सून गॅसवर पातेलं ठेवायला आली तर मी म्हटलं, "ठेवू नको. पाणी काढलंय तुझं." तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, काळ्या तोंडाकडे. टॉवेल घेऊन गेली. शाळेला निघताना चप्पल घालता घालता म्हणाली, "बाबा, धुराचा वास येतोय अंगाला."

"येणारच."

"नाही, असू दे. आईंच्या पदराला यायचा." आणि पटकन निघाली, बस चुकेल म्हणून.

मिस्त्री हातोडा घेऊन हजर झाला. मुलगा मधे उभा. मी म्हटलं, "गिझर पुढच्या भिंतीला लाव. मागच्या भिंतीला आज हात लावायचा नाही."

"का?"

"तापलेली आहे. हात लावून बघ."

मुलाने खरंच हात लावला. मग मिस्त्रीने लावला. मिस्त्री म्हणाला, "गरम आहे हो." दोघे जरा वेळ तसेच उभे राहिले, भिंतीला हात लावून. मग मुलगा म्हणाला, "बाबा, माझंही काढा पाणी."

मी काढलं. बोट घालून बघितलं, थोडं विसण घातलं, आणखी थोडं घालावं की नाही याचा विचार केला आणि नाही घातलं. तो दगडावर बसला. पहिल्याच तांब्याला आतून आवाज आला, "बाबा! भाजतंय!"

"घातलंय विसण. तुझं कातडं नाजूक झालंय."

तरी तांब्या भरून गेलो. अर्धा बादलीत ओतला. उरलेला अर्धा त्याच्या पाठीवर. तो बोंबलला, मिस्त्री हसला.

मग मी बसलो. तोवर हंड्यात तळाला राहिलं होतं ते कोमट. विसणाचा प्रश्नच आला नाही.